कात्री वाक्याच्या शेवटी लागते: कापलेली चित्रफीत आणि वंशद्वेषाचा आरोप

प्रश्न असा आहे. कर्वेनगरमधील मुलींच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी विचारले आहे की, त्यांच्या रेक्टरबाईंची 41 सेकंदांची एक क्लिप तीन दिवसांपासून सगळीकडे फिरते आहे. तिच्यात बाई मुलींच्या बैठकीत म्हणताना दिसतात, ‘या ईशान्येकडच्या मुलींना इथे ठेवणंच चूक आहे.’ क्लिपच्या वर ‘पुण्यात वंशद्वेषी रेक्टर’ अशी ठळक पाटी आहे. बाईंचे म्हणणे आहे की त्यांचे वाक्य मध्येच तोडले आहे. मणिपूर आणि नागालँडच्या काही मुलींचे म्हणणे आहे की बाईंचे वागणे एरवीही बरे नाही. बाईंना दोन दिवसांत काढून टाकावे, अशी मागणी आहे. क्लिप कापलेली आहे हे कसे ओळखायचे आणि समितीने काय करायचे, असे दोन प्रश्न त्यांनी एकत्र विचारले आहेत.

मी बावीस वर्षे वृत्तवाहिन्यांच्या एडिट रूममध्ये संकलक म्हणून काम केले आणि गेली काही वर्षे वकिलांसाठी आणि संस्थांसाठी वादग्रस्त चित्रफिती तपासून देतो. त्या अनुभवावरून उत्तर देतो. ते लांबणार आहे, कारण दोन दिवसांत निर्णय घेण्याची घाई हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका आहे.

आधी आपल्या भाषेची एक गोष्ट सांगतो. एडिट रूममध्ये बसणाऱ्या मराठी माणसाला ती माहीत असते, बाहेर मात्र तिचा विचार फारसा होत नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठीत ते कुणाचे आहे हे आपण बहुधा शेवटी सांगतो. आधी बोलणे येते, मग ‘असं ते म्हणतात’ येते. नकारही शेवटी येतो, प्रश्नही शेवटीच येतो. ‘या मुलींना इथे ठेवणंच चूक आहे, असं शेजारच्या सोसायटीचे लोक मला येऊन सांगतात आणि ते मी ऐकून घेणार नाही.’ हे वाक्य ‘चूक आहे’ या शब्दांवर कापले की शेजाऱ्यांचे मत बाईंच्या तोंडी जाते. एकही शब्द बदलावा लागत नाही, एकही शब्द मागेपुढे करावा लागत नाही, फक्त शेपूट काढायची. ‘या मुलींना इथे ठेवणं चूक आहे का?’ यातला ‘का’ साधारण पाच-सहा फ्रेमचा असतो, म्हणजे सेकंदाच्या पावभागाइतकासुद्धा नाही; तो गेला की प्रश्नाचे विधान होते. ‘म्हणे’ या दोन अक्षरांचेही तसेच आहे. म्हणून मराठी क्लिप समोर आली की मी ती पहिल्यांदा शेवटाकडून पाहतो.

हे कानाने ओळखता येते आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. माणूस वाक्य पूर्ण करतो तेव्हा शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज खाली उतरतो आणि श्वास सुटतो. पुढे ‘असं’ किंवा ‘पण’ म्हणायचे असेल तर आवाज उतरत नाही, तो वर टांगलेला राहतो. आपल्या क्लिपमधले शेवटचे चार शब्द डोळे मिटून, हेडफोन लावून दहा वेळा ऐका. ‘चूक आहे’ यातला ‘हे’ खाली टेकतो की अधांतरी तुटतो, हे समितीतल्या कुणालाही कळेल. तो अधांतरी तुटत असेल तर पुढे काहीतरी होते, एवढे नक्की समजा. पुढे काय होते ते मात्र यावरून कळत नाही. पुढे ‘असं लोक म्हणतात’ असू शकते, तसेच ‘आणि मी वरती तसं लिहून कळवणार आहे’ हेही असू शकते.

बाकीच्या खुणा थोड्या तांत्रिक आहेत. प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची गुणगुण, बाहेरच्या रस्त्याचा गोंगाट, या सगळ्याला आम्ही रूम टोन म्हणतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे विजेवर चालणाऱ्या उपकरणांची गुणगुण ध्वनिमुद्रणात पुष्कळदा उतरते आणि मधला तुकडा काढला की तिची लय त्या जागी तुटते. ती तुटलेली जागा दडवण्यासाठी कापणारा माणूस खाली संगीत घालतो. आपल्या क्लिपला खाली गंभीर संगीत असेल तर ते कुणी आणि का घातले, हा पहिला प्रश्न विचारा. दुसरी खूण म्हणजे अचानक जवळ येणारे चित्र. बोलणाऱ्याचे डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी टुणकन उडू नये म्हणून कापल्यानंतर चित्र थोडे मोठे केले जाते, किंवा मध्येच ऐकणाऱ्या मुलींचे चेहरे दाखवले जातात. हे तंत्र मुळात वाईट नाही, मी ते हजारो वेळा वापरले आहे. पण चेहरे दाखवण्याचा परिणाम किती खोल असतो हे लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते: एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने सूपच्या वाडग्यापुढे, मग शवपेटीपुढे जोडला आणि प्रेक्षकांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी शोकाकुल वाटला. बाईंच्या वाक्यानंतर रडवेली मुलगी दाखवली असेल, तर ती त्याच वाक्याने रडवेली झाली होती की बैठकीच्या आधीच, हे क्लिपवरून ठरवता येत नाही.

या खुणा दिसल्या नाहीत म्हणून क्लिप प्रामाणिक ठरत नाही, हेही लक्षात घ्या. फोनचे चित्रीकरण मुळातच समान गतीने होत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल इतकी दाबलेली असते की अशा पुष्कळशा खुणा पुसल्या जातात. शिवाय, चित्रीकरण थांबवण्याचे बटण योग्य क्षणी दाबले तर कापायची गरजच पडत नाही.

आता एक प्रकरण जरा विस्ताराने सांगतो, कारण आपली समिती आज जिथे उभी आहे तिथे अमेरिकेचे कृषी खाते 19 जुलै 2010 रोजी उभे होते. शर्ली शेरॉड या कृष्णवर्णीय अधिकारी जॉर्जिया राज्यात त्या खात्याच्या ग्रामविकास संचालक होत्या. अँड्र्यू ब्राइटबार्ट या उजव्या विचारांच्या प्रचारकाने त्यांच्या भाषणाचा अडीच मिनिटांच्या आसपासचा तुकडा प्रसिद्ध केला. त्यात त्या सांगत होत्या की मदत मागायला आलेल्या एका गोऱ्या शेतकऱ्यासाठी आपण पूर्ण ताकद लावली नाही. त्याच दिवशी त्यांच्याकडून राजीनामा घेतला गेला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन फोनवरूनच राजीनामा पाठवायला लावले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी 1909 पासून काम करणाऱ्या एनएएसीपी या संस्थेनेही त्यांचा निषेध केला.

मूळ भाषण सुमारे 43 मिनिटांचे होते. त्यात शेरॉडबाई आपल्या वडिलांबद्दल बोलल्या होत्या. 1965 मध्ये एका गोऱ्या शेतकऱ्याने वडिलांना गोळी घालून ठार केले होते आणि त्याच्यावर साधा खटलाही चालला नव्हता. मदत मागायला आलेल्या गोऱ्या शेतकऱ्याची जी गोष्ट त्या सांगत होत्या ती 1986 च्या सुमाराची, म्हणजे चोवीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हा त्या सरकारी नोकरीत नव्हत्याच, एका स्वयंसेवी संस्थेत काम करत होत्या. आपल्या मनातली अढी त्यांना दिसली, ती त्यांनी ओलांडली आणि पुढे त्या शेतकऱ्याची जमीन वाचवायला मदत केली, हे सांगण्यासाठीच ती गोष्ट होती. तो शेतकरी आणि त्याची पत्नी स्वतः टीव्हीवर येऊन म्हणाले की या बाईंनी आमची शेती वाचवली. मग कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक यांनी जाहीर माफी मागितली, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी फोन केला, शेरॉडबाईंना नवी नोकरी देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही.

यातल्या दोन बाबी संकलक म्हणून मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की त्या तुकड्याच्या शेवटी शेरॉडबाईंच्या मनातल्या बदलाचा थोडासा भाग शिल्लक होता. खरा प्रश्न गरीब आणि श्रीमंतांचा आहे हे आपल्याला उमगले, असे त्या त्यातच म्हणतात. तरीही तो कुणाला ऐकू आला नाही, कारण सुरुवातीला लिहिलेल्या पाटीत सांगितले होते की या बाई सरकारी पदावर बसून भेदभाव करतात. पाटीने आधीच ठरवले होते की लोकांनी काय ऐकायचे. आपल्या क्लिपवरची ‘वंशद्वेषी रेक्टर’ ही पाटी तेच काम करते आहे, म्हणून समितीतल्या प्रत्येकाने ती क्लिप एकदा पाटी झाकून आणि एकदा चित्र न पाहता फक्त ऐकावी. दुसरी बाब अधिक क्लेशदायक आहे. ते भाषण एनएएसीपीच्याच कार्यक्रमात झाले होते, म्हणजे पूर्ण चित्रीकरण त्यांच्याच माणसांकडे होते. स्वतःच्या घरातली टेप न पाहता त्यांनी स्वतःच्या माणसाचा निषेध केला आणि दुसऱ्या दिवशी आपण फसलो असे कबूल केले. आपल्या वसतिगृहाच्या सभागृहात सीसीटीव्ही आहे का? असल्यास त्याचे चित्रीकरण आज, हे वाचून झाल्याबरोबर काढून ठेवा. बहुतेक यंत्रणांमध्ये ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवे चित्रीकरण चढते.

दुसरा प्रकार प्रश्न कापण्याचा. फेब्रुवारी 2012 मध्ये फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोळी घालणाऱ्या जॉर्ज झिमरमनचा पोलिसांशी झालेला फोन एनबीसी वाहिनीने असा जोडला की ‘हा माणूस काही गैर करण्याच्या बेतात दिसतो, तो काळा दिसतो’ असे सलग ऐकू आले. प्रत्यक्षात मध्ये बरेच बोलणे होते आणि तो गोरा आहे, काळा आहे की हिस्पॅनिक, असे पोलिसांच्या ऑपरेटरने विचारल्यावर ते उत्तर आले होते. वाहिनीने माफी मागितली, संबंधितांना काढले. एका निःशस्त्र मुलाचा जीव गेला होता, तो प्रश्न स्वतःच्या बळावर उभा होता, त्याला अशा जोडकामाची गरज नव्हती. या जोडकामामुळे विरोधकांना मात्र ‘सगळेच खोटे आहे’ म्हणायची सोय झाली. आपल्या क्लिपमध्ये बाई कुणाच्या प्रश्नाला उत्तर देत होत्या का, हे म्हणून शोधा.

आपल्या शहरापुरते सांगायचे तर ऑगस्ट 2012 मी विसरू शकत नाही. आसाममधील बोडो आणि मुस्लिम यांच्यातील हिंसाचारानंतर भलत्याच ठिकाणची, भलत्याच वर्षाची छायाचित्रे एसएमएस आणि इंटरनेटवरून फिरली. चीनमधील तिबेटी भागात 2010 च्या भूकंपानंतर मृतदेहांजवळ उभ्या असलेल्या भिक्खूंचे छायाचित्र म्यानमारमधले मुस्लिमांचे हत्याकांड म्हणून दाखवले गेले. पुण्यात ईशान्येकडील तरुणांना मारहाण झाली, पुणे आणि बंगळुरूसारख्या शहरांतून हजारो जण मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले आणि केंद्र सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर 15 दिवस बंधन घातले. ज्यांच्या बाजूने आज आपल्याकडे तक्रार आली आहे, त्या समाजाने खोट्या चित्रांचे घाव स्वतः सोसले आहेत. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून सुरू झालेल्या भांडणात मारहाणीने मृत्यू झाला आणि त्यानंतर ईशान्येकडील लोकांच्या इतर शहरांतल्या अडचणी पाहण्यासाठी बेझबरुआ समिती नेमली गेली. त्यामुळे ‘हल्ली कुणीही काहीही आरोप करते’ या सुरात समितीने एक शब्दही बोलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुकडा आणि बनाव यांत फरक आहे. भेदभाव ज्याच्या वाट्याला येतो त्याच्याकडे पुरावा बहुधा तुकड्याच्याच रूपात असतो. अपमान सुरू झाल्यावर माणूस फोन काढतो, आधीचे दहा मिनिटे त्याच्याकडे असणारच कशी? म्हणून क्लिप छोटी आहे यात चित्रीकरण करणाऱ्या मुलीचा काहीच दोष नाही. दोष असेल तर तो मोठे चित्रीकरण हाती असताना अर्थ उलटेल अशा जागी कापणाऱ्याचा, आणि कापणारी व्यक्ती वेगळीच असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो त्याचेही कारण देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका वाहिनीत मी पुणे जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा बाइट, म्हणजे बातमीत वापरायचा बोलण्याचा तुकडा, कापला. ते म्हणाले होते, ‘त्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात कुणी प्यायचं नाही, असं माझे आजोबा अभिमानानं सांगायचे आणि मला त्या अभिमानाची लाज वाटायची.’ बातमीत सहा सेकंदांची जागा होती. मी ‘प्यायचं नाही’वर कापले. रात्री नऊच्या बातम्यांत ते गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात मोर्चा आला. ज्या शाळेत त्यांनी तीस वर्षे शिकवले, तिच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेतून त्यांचे नाव काढले गेले. त्यांनी फोन करून एवढेच मागितले की पूर्ण टेप द्या, मी गावात सगळ्यांना दाखवतो. तेव्हा टेपा पुन्हा वापरल्या जात. त्यांच्या मुलाखतीवर तोवर एका क्रिकेट सामन्याचे चित्रीकरण झाले होते. माझ्याकडे त्यांना द्यायला काहीच नव्हते.

म्हणून मूळ फाइल. ज्या मुलीच्या फोनवर चित्रीकरण झाले तिला शोधा, पण आरोपीला शोधतात तसे नव्हे. तिच्या विश्वासातल्या एखाद्या शिक्षिकेमार्फत, तिच्यावर कोणतीही कारवाई होणार नाही असे लेखी देऊन तिच्याकडे जा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका. फोन केबलने संगणकाला जोडून तिच्या समोर प्रत घ्या आणि त्याच वेळी त्या फाइलची हॅश व्हॅल्यू काढून कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक फ्रेम जरी बदलली तरी तो बदलतो. फोन मात्र तिच्याकडेच राहू द्या. पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर हे सगळे लागेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हॅश द्यावी लागते. असे प्रमाणपत्र मुळात आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच, जुन्या कायद्यातील कलम 65-ब खाली, जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात स्पष्ट केले होते. तक्रारदार मुली अनुसूचित जमातीच्या असतील आणि त्यांना 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांकडे जायचे असेल, तर समितीची चौकशी चालू आहे असे सांगून त्यांना थांबवू नका. तो त्यांचा हक्क आहे.

बैठकीला हजर असलेल्या मुलींचे जबाब एकेकीचे वेगळे घ्या, आणि क्लिप दाखवण्याआधी विचारा: ‘त्या दिवशी बैठक कशासाठी होती, बाई काय म्हणाल्या, त्याच्या आधी कोण बोललं?’ तीन दिवसांत क्लिप शंभर वेळा पाहिलेल्या मुलीच्या आठवणीत क्लिपच आठवण बनून बसलेली असते. म्हणून सुरुवात क्लिप न पाहिलेल्यांपासून, शक्य असल्यास स्वयंपाकघरातल्या मावशींपासून आणि रखवालदारापासून करा. रेक्टरबाईंनाही लेखी विचारा की पूर्ण वाक्य काय होते. त्यांनी मूळ फाइल पाहण्याआधी दिलेले उत्तर फार मोलाचे ठरते.

तोवर बाईंना काढू नका, पण मुलींच्या रोजच्या कारभारातून चौकशीपुरते बाजूला ठेवा आणि त्या काळाचा पगार द्या. सूचनाफलकावर लावायच्या कागदात ‘वंशद्वेषी वक्तव्य केल्याबद्दल’ असे लिहू नका. ‘प्रसारित चित्रफितीबाबत तक्रार आली असून चौकशी चालू आहे’ एवढेच लिहा. संस्थेच्या शिक्क्यानिशी एकदा लिहिलेले वाक्य नंतर मागे घेता येत नाही, आणि बदनामीचा दावा झाला तर तोच कागद समोर येतो.

समजा मूळ फाइल मिळाली आणि तिच्यात खरोखर ‘असं शेजारचे लोक म्हणतात’ हे शब्द निघाले. तेव्हा काम संपले असे समजू नका. मणिपूर आणि नागालँडच्या मुलींनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत, क्लिप त्यातली फक्त एक आहे. बाईंचे वागणे एरवीही बरे नाही, हे त्यांचे म्हणणे स्वतंत्र तक्रार म्हणून नोंदवा: स्वयंपाकघरात त्यांना काय सांगितले जाते, रात्री यायच्या वेळेचा नियम सगळ्यांना सारखा आहे का, त्यांच्या खोल्यांची तपासणी इतरांपेक्षा जास्त वेळा होते का, त्यांना नावाने हाक मारतात की दुसऱ्या कशाने. वसतिगृहाची नोंदवही यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरे देईल. शेजाऱ्यांचे ते वाक्य साठ मुलींसमोर जसेच्या तसे उच्चारायची गरज होती का, हेही बाईंना विचारायला हवे. वाक्य दुसऱ्याचे असले तरी समोर बसलेल्या मुलीच्या कानावर ते बाईंच्या आवाजात पडले आहे. आणि शेजाऱ्यांनी खरेच तसे म्हटले असेल, तर त्या सोसायटीला समितीने लेखी उत्तर द्यावे आणि त्याची प्रत मुलींना द्यावी.

क्लिप कापलेली निघाली तर पूर्ण भाग बाहेर द्या, फक्त स्पष्टीकरण नको. मुलींचे चेहरे झाकून, बाईंची आणि मुलींची संमती घेऊन, आधीचे आणि नंतरचे किमान दोन-दोन मिनिटे ठेवून, कोणतीही पाटी न लावता ती द्या. ज्या गटांमध्ये 41 सेकंदांची क्लिप गेली त्या प्रत्येक गटात हा भाग गेला पाहिजे, आणि त्यासाठी ती क्लिप कुठे कुठे गेली याची यादी आजपासूनच करायला बसा.

फाइल मिळाली की मला आधी पूर्ण पाठवू नका. ‘चूक आहे’ नंतरचे पहिले पाच सेकंद समितीने एकत्र बसून, मोठ्या आवाजात ऐका, आणि जे ऐकू येईल ते प्रत्येकाने न बोलता आपापल्या कागदावर लिहा.